छेद शून्य झाला म्हणजे असिम्प्टोट आलाच, असं नाही

प्रश्न थोडक्यात असा: "मुलगी न्यू जर्सीत अकरावीला आहे, प्रीकॅल्क्युलस घेतलंय. (क्ष² − क्ष − ६) / (क्ष² − ९) याचे व्हर्टिकल असिम्प्टोट काढायचे होते. तिने छेद शून्य केला आणि क्ष = ३, क्ष = −३ अशी दोन उत्तरं लिहिली. −३ बरोबर, ३ चूक. कारण विचारलं तर म्हणते, 'तिथे अंशही शून्य होतो ना, म्हणून नाही चालत.' माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, बारावीनंतर गणित सुटलं. मला नीट कळलं तर तिच्याशी बोलता येईल. सविस्तर सांगाल का?"

तुमच्या मुलीने सांगितलेलं कारण या एका गणितापुरतं चाललं. पण तोच नियम म्हणून तिने मनात धरला, तर पुढे कुठेतरी तो तिला नक्की दगा देईल. म्हणून जरा मुळापासून सांगतो. तुम्ही मराठी माध्यमातले, हे वाचून बरं वाटलं, कारण इथे लागणारी सगळी हत्यारं तुमच्याकडे आधीपासून आहेत: अंश, छेद, अवयव, मसावि. नव्याने शिकायचं फारसं काही नाही. एक्सच्या जागी मी आपला जुना क्ष लिहितो.

व्हर्टिकल असिम्प्टोटला मराठीत उभी अनंतस्पर्शी रेषा म्हणतात. 'क्ष = अमुक' अशी एक उभी रेषा असते, आणि क्ष त्या अमुकच्या जवळ सरकू लागला की आलेख सुसाट वर जातो नाहीतर सुसाट खाली. तुम्ही कितीही मोठी संख्या सांगा, आलेख तिच्याही पलीकडे जाऊन दाखवतो. क्ष फक्त पुरेसा जवळ न्यायचा. आणि रॅशनल फंक्शन म्हणजे एका बहुपदीला दुसऱ्या बहुपदीने भागलेलं, बस.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर घरात एक भिंग शोधा. मी वर्गात हा विषय नेहमी भिंगापासूनच सुरू करतो. समजा भिंगाचं नाभीय अंतर १० सेंटिमीटर आहे. एका बाजूला पेटती मेणबत्ती, दुसऱ्या बाजूला कागदाचा पडदा. मेणबत्ती भिंगापासून क्ष सेंटिमीटरवर असेल, तर तिची स्पष्ट प्रतिमा (१० × क्ष) / (क्ष − १०) इतक्या सेंटिमीटरवर पडते. (शाळेतला धन-ऋण चिन्हांचा संकेत इथे बाजूला ठेवलाय, अंतरं सरळ धन धरलीत.) मेणबत्ती १५ वर ठेवली तर पडदा ३० वर लागतो. १२ वर आणली, पडदा ६० वर. ११ वर, पडदा ११० वर. म्हणजे मेणबत्ती एकच सेंटिमीटर सरकली आणि पडदा जवळजवळ दुप्पट लांब गेला. १०.१ वर आणा, पडदा १०१० सेंटिमीटरवर, म्हणजे दहा मीटरच्याही पुढे. वर्गाच्या मागच्या भिंतीच्या पार. बरोबर १० वर प्रतिमा कुठेच पडत नाही, किरण समांतर निघून जातात. आणि मेणबत्ती ९.९ वर आली की उत्तर येतं उणे ९९०: पडद्यावर आता काही मिळणार नाही, भिंगातून पाहिलं तर मेणबत्ती आपल्याच बाजूला, खूप मागे, मोठी झालेली दिसते. धन हजारावरून एकदम ऋण हजारावर, आणि मध्ये फक्त दोन मिलिमीटर. क्ष = १० ही इथली उभी असिम्प्टोट.

काय घडलं ते बघा. क्ष दहाच्या जवळ आला तेव्हा अंश शंभरच्या आसपास शांत बसला होता. छेद मात्र आकसत आकसत शून्याकडे गेला. भरीव अंशाला इवल्याशा छेदाने भागलं की भागाकार फुगतो. असिम्प्टोटचं सगळं मर्म या एका वाक्यात आहे: छेद शून्याकडे जायला हवा, आणि अंशाने त्याला त्याच वेगाने साथ देता कामा नये.

आता तुमच्या मुलीचं गणित. अवयव पाडा:

क्ष² − क्ष − ६ = (क्ष − ३)(क्ष + २)
क्ष² − ९ = (क्ष − ३)(क्ष + ३)

क्ष = −३ च्या जवळ जाऊ. −२.९ ठेवलं तर किंमत −९ येते. −२.९९ ला −९९. पलीकडच्या बाजूने −३.१ ला ११, आणि −३.०१ ला १०१. फुगतंय, म्हणजे असिम्प्टोट आहे.

क्ष = ३ च्या जवळ जाताना मात्र मूळ, न काटलेल्या रूपात किंमती घालून बघा. मुलीला कॅल्क्युलेटर घेऊन हे स्वतः करू द्या. क्ष = २.९ ला अंश −०.४९ आणि छेद −०.५९, भागाकार ०.८३०५. क्ष = २.९९ ला अंश −०.०४९९, छेद −०.०५९९, भागाकार ०.८३३१. छेद शून्याकडे निघालाय खरा, पण अंशही त्याच्या जोडीने तितक्याच वेगाने खाली उतरतोय. दोघं बरोबरीने लहान होतात आणि त्यांचं गुणोत्तर ५/६ पाशी स्थिर राहतं. तिथे आलेख उसळत नाही. नेमक्या त्या बिंदूपाशी, (३, ५/६) ला, फक्त एक भोक राहतं, कारण क्ष = ३ ला मूळ राशीला अर्थच नाही. बाकी आलेख (क्ष + २)/(क्ष + ३) चाच आहे, एक बिंदू गायब.

हा फरक आपल्याकडे किती जुना आहे, हे मुलांना सांगायला मला फार आवडतं. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० च्या सुमाराला, एक उदाहरण आहे: एका राशीला शून्याने गुणलं, तिचा निम्मा भाग तीत मिळवला, तिनाने गुणलं आणि शून्याने भागलं तर ६३ आले, राशी कोणती? उत्तर १४. कारण १४ आणि ७ मिळून २१, त्याची तिप्पट ६३. शून्याने गुणणं आणि शून्याने भागणं यांची त्यांनी काट मारली. त्यांचा नियमच होता की शून्याने गुणल्यावर अजून क्रिया बाकी असतील तर लगेच शून्य लिहू नका, राशी तशीच धरून ठेवा, पुढे शून्याने भागायचं असेल तर ती जशीच्या तशी परत मिळते. आणि काटायला वर काही नसताना शून्याने भागलं, तर त्या राशीला ते खहर म्हणतात. तिच्यात काही मिळवा, काही काढा, तिच्यात फरक पडत नाही, अनंतासारखी. आजच्या भाषेत पहिलं उदाहरण भोकाचं आणि दुसरं असिम्प्टोटचं. आपण आज लिमिट (क्ष एखाद्या संख्येजवळ नेला की राशीची किंमत कशाच्या जवळ जाते ते) वापरून काटेकोर मांडणी करतो, त्यांच्याकडे ती नव्हती. पण शून्याने भागण्याच्या दोन वेगळ्या जाती आहेत आणि त्यांना वेगळं वागवलं पाहिजे, हे त्यांनी ओळखलं होतं.

आता मुलीच्या नियमाकडे येतो. 'छेद शून्य, पण अंश शून्य नाही, तिथे असिम्प्टोट' असं पुष्कळ ठिकाणी शिकवलं जातं. त्यातला अर्धा भाग खरा आहे: छेद शून्य आणि अंश शून्य नाही, तर असिम्प्टोट नक्की. पण उलट बाजू खोटी आहे. अंशही शून्य झाला म्हणून असिम्प्टोट नाही, असं म्हणता येत नाही. हे बघा:

(क्ष² − ४) / (क्ष² − ४क्ष + ४)

क्ष = २ ला अंश ४ − ४ = ०. छेद ४ − ८ + ४ = ०. मुलीच्या नियमाने इथे भोक. आता अवयव पाडा: वर (क्ष − २)(क्ष + २), खाली (क्ष − २)(क्ष − २). एकाला एक कटला तरी खाली एक (क्ष − २) उरलाच. उरलं (क्ष + २)/(क्ष − २), आणि क्ष = २.०१ ला याची किंमत ४०१. भोक कसलं, सरळ असिम्प्टोट आहे.

म्हणून मी विद्यार्थ्यांना 'शून्य आहे का' हा प्रश्नच विचारू देत नाही. 'किती वेळा आहे' हे विचारा. समजा (क्ष − अ) हा अवयव छेदात 'न' वेळा आहे आणि अंशात 'म' वेळा. 'न' ही संख्या मोठी असेल तर क्ष = अ ला असिम्प्टोट. म मोठा किंवा दोन्ही समान असतील तर भोक. समान असतील तर भोकाची उंची शून्य सोडून काहीतरी येते, म मोठा असेल तर भोक क्ष-अक्षावरच पडतं. अंशात तो अवयव अजिबात नसेल तर म = ० धरा, म्हणजे नेहमीचं साधं गणितही याच मोजणीत बसतं. अवयवांची ही मोजणी एकदा हाताला लागली की पाठ करायचं काही राहत नाही.

तुमची मुलगी एपी प्रीकॅल्क्युलस (शाळेतच घेता येणारा, कॉलेजच्या पातळीचा अमेरिकन अभ्यासक्रम) करत असेल तर तिच्यासाठी हे जास्तच महत्त्वाचं. तो विषय २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात सुरू झाला, पहिली परीक्षा मे २०२४ मध्ये झाली. त्याच्या पहिल्याच युनिटमध्ये बहुपदी आणि रॅशनल फंक्शन आहेत. असिम्प्टोट आणि भोकं हे तिथे दोन वेगळे मुद्दे आहेत, आणि दोन्हींत हीच मल्टिप्लिसिटीची, म्हणजे अवयव किती वेळा आला याची तुलना करायची असते.

मोजणीचा दुसरा फायदा म्हणजे असिम्प्टोटच्या दोन बाजूंना आलेख कुठे जातो हेही तीच सांगते. काटाकाट झाल्यावर छेदात अवयव विषम वेळा उरला असेल, तर एका बाजूला आलेख वर आणि दुसऱ्या बाजूला खाली. भिंगाच्या उदाहरणात हेच झालं. सम वेळा उरला असेल तर दोन्ही बाजूंना एकाच दिशेने, कारण वर्ग ऋण होत नाही, रेषा ओलांडली तरी चिन्ह बदलत नाही. एक उदाहरण करून दाखवतो:

(क्ष + १) / [(क्ष − २)² (क्ष + ३)]

इथे काटायला काही नाही, असिम्प्टोट क्ष = २ आणि क्ष = −३. दोनच्या जवळ अंश ३ च्या आसपास, (क्ष + ३) हा ५ च्या आसपास, आणि वर्ग धन. सगळंच धन, म्हणून दोन्हीकडून आलेख वर. उणे तीनच्या जवळ अंश −२, वर्ग २५, आणि (क्ष + ३) चं चिन्ह बाजूवर अवलंबून. उजवीकडे तो धन, म्हणून एकूण ऋण, आलेख खाली. डावीकडे तो ऋण, एकूण धन, आलेख वर. मी मुलांना सांगतो की ज्या अवयवामुळे शून्य होतंय तो बोटाने झाका, बाकीच्यांत सरळ क्षची किंमत घालून फक्त चिन्ह काढा, मग बोट उचला. अचूक आकडे लागतच नाहीत.

आता प्रत्यक्ष गणित सोडवताना मुलं कुठे अडखळतात, त्याबद्दल.

सर्वात जास्त गुण जातात ते काटाकाटीत. एकदा फळ्यावर एका मुलाने नेमकं तुमच्या मुलीचंच गणित घेतलं आणि वरच्या क्ष² वर एक तिरकी रेघ, खालच्या क्ष² वर एक तिरकी रेघ मारली. उरलं (−क्ष − ६)/(−९). छेदात क्षच नाही, म्हणून असिम्प्टोट नाही, असं त्याने अगदी आत्मविश्वासाने लिहिलं. मी त्याला थांबवलं नाही. फक्त शेजारी (१० + ५)/(१० + २) लिहिलं आणि म्हटलं, इथले दहा काट. त्याने काटले, ५/२ आले. मग १५/१२ काढायला सांगितलं. तो बराच वेळ फळ्याकडे बघत राहिला आणि मग स्वतःच डस्टर उचललं. बेरजेतली पदं कटत नाहीत, गुणाकारातले अवयव कटतात. तुमच्या मुलीला हे माहीत असेलच, पण घाईत हात जातो. त्यावर उपाय एकच: अवयव पाडून कंस लिहिल्याशिवाय काटण्यासाठी पेन्सिल उचलायची नाही.

दुसरा सापळा जरा छुपा आहे. गणित असं आलं तर?

१/(क्ष − १) − २/(क्ष² − १)

दोन्ही तुकड्यांत क्ष = १ ला छेद शून्य होतो, दोन्ही तुकडे एकेकटे तिथे फुगतात. बहुतेक मुलं १ आणि −१ दोन्ही लिहून मोकळी होतात. आधी एकच अपूर्णांक करा. समान छेद (क्ष − १)(क्ष + १), अंश (क्ष + १) − २ = क्ष − १. तो कटला आणि उरलं १/(क्ष + १). क्ष = १ ला दोन तुकड्यांचं फुगणं एकमेकांत जिरून गेलं, तिथे फक्त ½ उंचीवर भोक आहे. असिम्प्टोट एकच, क्ष = −१. म्हणून बेरीज-वजाबाकी दिसली की आधी छेद समान.

तिसरी अडचण म्हणजे अवयव पडतच नाहीत. छेद त्रिघाती आला की मुलं बिचकतात. हे घ्या:

(क्ष² − ३क्ष + २) / (क्ष³ − २क्ष² − ५क्ष + ६)

छेदातले सहगुणक बघा: १, −२, −५, ६. बेरीज शून्य, म्हणजे (क्ष − १) अवयव आहे. संश्लेषक भागाकार केला की उरतं १, −१, −६, म्हणजे क्ष² − क्ष − ६, त्याचे (क्ष − ३)(क्ष + २). अंश (क्ष − १)(क्ष − २). एक (क्ष − १) वर, एक खाली, बरोबरी झाली: क्ष = १ ला भोक, उंची १/६. असिम्प्टोट क्ष = ३ आणि क्ष = −२.

सहगुणकांची बेरीज शून्य नसती तर? मग मी एक दुसरा रस्ता सुचवतो. पाठ्यपुस्तकांत तो फारसा दिसत नाही, पण मला तो फार देखणा वाटतो. दोन संख्यांचा मसावि काढताना आपण मोठीला लहानने भागायचो, मग लहानला बाकीने, मग बाकीला पुढच्या बाकीने, शून्य बाकी येईपर्यंत. बहुपदींनाही अगदी हेच चालतं. वरच्या गणितात छेदाला अंशाने भागा: भागाकार क्ष + १, बाकी −४क्ष + ४, म्हणजे −४(क्ष − १). आता अंशाला (क्ष − १) ने भागा: भागाकार क्ष − २, बाकी शून्य. म्हणजे मसावि (क्ष − १). एकही अवयव न पाडता वर-खाली काय सामाईक आहे ते हातात आलं. मसाविने वर-खाली दोघांना भागून टाकलं की अंश-छेदात सामाईक काही उरत नाही, आणि मग उरलेल्या छेदाच्या प्रत्येक वास्तव मुळाला असिम्प्टोट. मगाशी ज्याला मी खोटा म्हटलं तो मुलीचा नियम या शेवटच्या टप्प्यावर मात्र खरा ठरतो, कारण इथे अंश आणि छेद एकाच वेळी शून्य होऊच शकत नाहीत. काट मारायच्या आधी वापरला तरच तो फसवतो.

'वास्तव मूळ' म्हटलं ते जपून म्हटलं. छेद क्ष² + क्ष + १ असेल तर विवेचक १ − ४ = −३, मुळं वास्तव नाहीत, छेद कुठेच शून्य होत नाही, म्हणून असिम्प्टोट नाही. मुलांना इथे उगाच वाटतं की काहीतरी उत्तर आलंच पाहिजे. 'नाही' हेही पूर्ण उत्तर आहे, फक्त विवेचक काढून कारण लिहा. उलट, छेद क्ष² − २क्ष − १ असला तर अवयव सहज पडत नाहीत म्हणून 'नाही' लिहून टाकणं चूक. विवेचक ८ आहे, मुळं १ + √२ आणि १ − √२, आणि अंशात तेच अवयव नसतील तर दोन्ही ठिकाणी व्यवस्थित असिम्प्टोट आहेत. पूर्णांक नसले म्हणून काय झालं.

आलेख काढून खात्री करायची सवय चांगली, पण स्क्रीनवर पूर्ण विसंबू नका. जिओजेब्रा किंवा डेस्मॉसवर तुमच्या मुलीचं फंक्शन काढलं की क्ष = ३ पाशी आलेख नुसता पाहून तो अखंड आहे असंच वाटेल. एकच बिंदू गायब आहे आणि बिंदूला रुंदी नसते. दुसरीकडे १/(क्ष² + ०.०१) काढा: शून्यापाशी आलेख शंभरपर्यंत सुळक्यासारखा चढतो आणि चौकट छोटी असली तर वरून बाहेर जातो. पाहणारा शपथेवर सांगेल की असिम्प्टोट आहे. नाही. छेद ०.०१ च्या खाली कधी जातच नाही. माझ्या पहिल्या ग्राफिंग कॅल्क्युलेटरची तऱ्हा आणखी वेगळी होती. तो ठिपके काढून रेषेने जोडत जायचा, त्यामुळे असिम्प्टोटच्या अलीकडचा खालचा ठिपका आणि पलीकडचा वरचा ठिपकाही जोडून टाकायचा. पडद्यावर एक उभी रेघ यायची आणि मुलं म्हणायची, सर, यानेच असिम्प्टोट काढून दिला. ती रेघ आलेखाचा भागही नव्हती आणि असिम्प्टोटही नव्हती, कॅल्क्युलेटरची ती चूक होती. रॅशनल फंक्शनचा आलेख आपल्या उभ्या असिम्प्टोटला कधीच छेदत नाही, कारण त्या क्षला फंक्शनची किंमतच नाही. आडव्या असिम्प्टोटचं तसं नसतं, तिला आलेख छेदू शकतो. क्ष/(क्ष² + १) हा आडव्या अक्षाकडे झुकतो आणि आरंभबिंदूत त्याला छेदूनही जातो. हे दोन नियम मुलं हमखास एकमेकांत मिसळतात.

लिहिण्याबद्दल एकच गोष्ट. उत्तर '−३' असं लिहू नये, 'क्ष = −३' असं लिहावं. असिम्प्टोट ही रेषा आहे, संख्या नाही. आणि काट मारल्यावरही क्ष ≠ ३ ही अट शेजारी लिहून ठेवायला सांगा. अवयव कटला तरी मूळ फंक्शनच्या प्रांतात ३ परत येत नाही, आणि भोक विचारलं की तीच ओळ कामाला येते.

मुलीला हे चार प्रश्न द्या, आणि प्रत्येकात आधी वर किती, खाली किती, हे तोंडाने म्हणायला लावा.

(क्ष² + ४क्ष + ४)/(क्ष² − ४). इथे (क्ष + २) वर दोनदा, खाली एकदा. असिम्प्टोट क्ष = २, आणि क्ष = −२ ला भोक अक्षावरच.

(क्ष² − ४)/(क्ष³ + २क्ष²). छेद क्ष²(क्ष + २). उरतं (क्ष − २)/क्ष². असिम्प्टोट क्ष = ०, वर्ग असल्यामुळे दोन्ही बाजूंनी आलेख खाली. भोक (−२, −१) ला.

५/(क्ष² + क्ष + १). याचं उत्तर वर येऊन गेलं आहे, पण तिने विवेचक काढून दाखवला पाहिजे.

आणि शेवटचा, जो मला सर्वात आवडतो: (क्ष² + क × क्ष + ६)/(क्ष − २) याला एकही उभी असिम्प्टोट नसेल तर क किती? छेदात (क्ष − २) एकदा आहे, म्हणजे तो अंशात निदान एकदा असायलाच हवा. अवयव सिद्धांताने क्ष = २ ला अंश शून्य: ४ + २क + ६ = ०, म्हणून क = −५. अंश (क्ष − २)(क्ष − ३) होतो आणि आलेख उरतो तो क्ष − ३ या सरळ रेषेचा, (२, −१) ला एक भोक असलेला. ती हे न विचारता सांगू शकली तर पुढचा मुद्दा, तिरप्या असिम्प्टोटचा, लगेच सुरू करायला हरकत नाही. त्यासाठी तिला हेच गणित क = −४ घालून द्या आणि अंशाला छेदाने भागायला सांगा: भागाकार क्ष − २ येतो आणि बाकी २. ती क्ष − २ ची रेषाच तिरपी असिम्प्टोट.